विनापरवाना दीपगृह

आमच्या इमारतीत स्वतःच्या मोटारी असलेली माणसं आहेत. दोघांकडे तर दोन-दोन आहेत. तळमजल्यावरच्या वकिलांसाठी एकदा विमान थांबलं होतं असं ते स्वतः सांगतात. ते धुक्यामुळे सगळ्यांसाठीच थांबलं होतं, हे त्यांच्या बायकोनं नंतर सांगितलं. पण ज्याच्यासाठी अख्खं जहाज भोंगे वाजवत धक्क्याला खोळंबून राहिलं, असा माणूस या इमारतीत मी एकटाच आहे. हे मी गर्वानं सांगत नाही. म्हणजे गर्वानंच सांगतो, पण कुणी विचारलं तर सांगतो. न विचारताही चार-पाच जणांना सांगितलं असेल.

किनाऱ्या-किनाऱ्यानं जाणारी जलसफर होती. जहाज रोज एका बंदराला लागायचं, लोक उतरून गाव बघायचे आणि संध्याकाळी परत जहाजावर यायचे. बरोबर माझी बायको, तिची थोरली बहीण, जिला आम्ही ताई म्हणतो, आणि ताईंचे यजमान, म्हणजे माझे साडू. साडूंना सगळ्यातलं सगळं कळतं. जहाज कसं चालतं ते त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि मला वाटतं कप्तानालाही सांगायचा प्रयत्न केला.

गाव बघायची पद्धत अशी, की छातीवर नंबराचं स्टिकर लावायचं, पुढे काठीला पाटी बांधलेला गाइड, आणि त्याच्या मागे आपण. मी हयातभर शाळेत भूगोल शिकवला. पोरांना रांगेत चालवलं, रांग मोडणाऱ्यांना बाजूला उभं केलं. आता मलाच कुणीतरी 'सात नंबर, मागे राहू नका' म्हणत होतं. त्यातून दुसऱ्या बंदरावरच्या गाइडनं नदी उगमाकडे वाहते अशा अर्थाचं एक वाक्य टाकलं. मी ते अगदी हळू आवाजात दुरुस्त केलं. तर तो रुसला, आणि पुढचे सगळे पुतळे त्यानं नुसते बोटानं दाखवले.

तेव्हा शेवटच्या दिवशी मी जाहीर केलं की मी बसनं जाणार नाही. गावाच्या टेकडीवर दीपगृह होतं. जहाजावर मिळालेल्या नकाशात ते बंदराच्या अगदी शेजारी दिसत होतं.

"नकाशा वाचता येणाऱ्या माणसाला गाइड कशाला लागतो?" मी म्हणालो.

"शेवटच्या दिवशी प्रयोग नको," साडू म्हणाले. "संध्याकाळी पाचला जहाज सुटतं. ते काही कुणासाठी थांबत नाही."

हे वाक्य मी मुद्दाम इथे नोंदवून ठेवतो.

शेवटच्या दिवसाचा आणखी एक जाच असतो. सगळ्या बॅगा बांधून, त्यांना रंगीत चिठ्ठ्या लावून, सकाळीच खोलीच्या दाराबाहेर ठेवायच्या. त्या जहाजवाले घेऊन जातात आणि दुसऱ्या दिवशी उतरल्यावर परत देतात. मधल्या वेळात आपण अंगावरच्या कपड्यांचे आणि हातातल्या पिशवीचे धनी. शेजारच्या खोलीतल्या दातांच्या डॉक्टरांनी आम्हाला मुद्दाम येऊन बजावलं होतं, "बूट बाहेर ठेवा. दरवेळी कुणीतरी बूट बॅगेत भरतं आणि सपाता घालून घरी जातं." बायकोनं बूट बाहेर ठेवले, चष्मे बाहेर ठेवले, औषधं बाहेर ठेवली, आणि बॅगा गेल्यावर न्हाणीघरात दोरीवर आमचा मोठा नारिंगी टॉवेल ओलाच्या ओला लटकलेला सापडला.

"ओला टॉवेल पिशवीत कोंबला तर सगळ्याला वास येईल," बायको म्हणाली. "तुम्ही असं करा. छत्री घेताच आहात ना, तिच्या टोकाला बांधा आणि जरा उंच धरून चाला. ऊन आहे, वारा आहे, तासाभरात वाळेल."

लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणूस अशा सूचनांवर विचार करत नाही. मी टॉवेल बांधला, डोक्यावर पांढरी टोपी घातली, आणि छत्री उंच धरून जहाजाच्या शिडीवरून उतरलो. मागे बायको, तिच्यामागे ताई, आणि आपण यांच्याबरोबर नाही असं दाखवत साडू.

धक्क्यावर बसगाड्या लागल्या होत्या, नंबरांच्या पाट्या हलत होत्या, सगळीकडे गलका. मी त्यातून सरळ निघालो. जरा पुढे गेल्यावर दातांचे डॉक्टर माझ्या बरोबरीनं चालताना दिसले. मी म्हटलं, बरं झालं, सोबत झाली. मग मागून बायकांच्या हसण्याचा आवाज आला. त्या बेकरीवाल्या बाई होत्या. त्यांचं स्वतःचं बेकरीचं दुकान होतं आणि त्या तीन नणंदांना घेऊन सफरीला आल्या होत्या. रोज न्याहारीला पावाचा तुकडा मोडून आत बोट घालून बघायच्या आणि मान हलवायच्या, त्यामुळे त्या सगळ्या जहाजाला माहीत होत्या. त्यांनाही बहुधा याच बाजूला काही काम असेल असं मला वाटलं.

चौकात मी थांबलो. नकाशा उघडला. मागचे सगळे पाय थांबल्याचा आवाज आला. मागे वळून बघतो तो तीसेक माणसं उभी. काहींच्या छातीवर सात नंबराचं स्टिकर होतं.

"आता डावीकडे की उजवीकडे?" एका काठीवाल्या आजोबांनी विचारलं.

इथे मी सांगायला हवं होतं की लोकहो, मी कुणी नाही, हा आमचा टॉवेल आहे. बायकोनं माझ्याकडे बघितलं, त्यात हेच होतं. पण तुम्ही माझ्या जागी उभं राहून बघा. नववीच्या वर्गात शेवटच्या बाकापर्यंत कुणी माझ्याकडे कधी एवढ्या आशेनं बघितलं नव्हतं.

"उजवीकडे," मी म्हणालो. "आणि जरा बाजूनं चाला. रस्ता अरुंद आहे."

"दीपगृह किती लांब?" डॉक्टरांनी विचारलं.

"नकाशाच्या प्रमाणानुसार जवळच," मी म्हणालो. नकाशावर प्रमाण छापलेलंच नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं होतं. पण चालत्या रांगेत अशी शंका काढायची नसते.

उजवीकडचा रस्ता खोदून ठेवला होता. खड्ड्यात पाइप, पाइपावर एक माणूस डबा खात बसलेला. त्यानं हातातल्या चमच्यानं शेजारचं फाटक दाखवलं. ते एका लॉन्ड्रीचं मागचं अंगण निघालं. अंगणभर दोऱ्यांवर पांढऱ्या चादरी. कुठल्यातरी मोठ्या हॉटेलच्या असाव्यात. आम्ही सगळे त्या चादरींत शिरलो आणि एकमेकांना दिसेनासे झालो. नुसते आवाज येत होते. 'अहो, कुठे आहात?' 'मी इथे आहे, तुम्ही कुठे?' एका नणंदेनं चादर बाजूला केली तर पलीकडे साडू. दोघंही दचकली. मी छत्री वर धरली आणि शाळेच्या मैदानावरचा माझा जुना आवाज काढला, "टॉवेलाकडे बघत या." सगळे आले. एकही हरवला नाही. लॉन्ड्रीची मालकीण दारात इस्त्री हातात घेऊन उभी होती. तिला मी नमस्कार केला, तिनंही केला. तिच्या अंगणातून माणसांची रांग रोजच जात असावी, असा तिचा चेहरा होता.

पुढे चढ लागला आणि लोकांना दम लागू लागला, म्हणून मी जागोजागी थांबवून बोलायला सुरुवात केली. हे खरं कारण. बायको म्हणते ते कारण खोटं आहे. वरून बंदर दिसत होतं. मी विचारलं, "हे बंदर इथेच का झालं, दोन मैल पलीकडे का नाही?" कुणालाच माहीत नव्हतं. मग मी खडक सांगितला, वारा सांगितला, लाटा तिरक्या येतात म्हणजे काय ते आजोबांची काठी घेऊन मातीत काढून दाखवलं. बेकरीवाल्या बाईंनी विचारलं की समुद्राचं पाणी खारट का, आणि नदीचं तेच पाणी असून गोड का. असा प्रश्न विचारणारा विद्यार्थी मला तीस वर्षांत एकदा मिळाला होता, आणि तोही पुढे कापडाच्या धंद्यात गेला. मी अगदी सविस्तर उत्तर दिलं. साडू दोनदा 'त्याचं असं आहे' म्हणून पुढे सरसावले, पण लोकांनी त्यांना 'श्श' केलं. खोटं कशाला बोलू, त्या 'श्श'नं माझा चढ निम्मा झाला.

टेकडीच्या माथ्यावर झाडांच्या वर पांढरा उंच मनोरा दिसला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जवळ गेलो. मनोऱ्याला दिवा नव्हता. खिडक्याही नव्हत्या. खाली लोखंडी दार होतं, आणि दारावर लिहिलं होतं: पाणीपुरवठा विभाग, टाकी क्रमांक दोन.

बाकावर बसलेला रखवालदार उठून उभा राहिला. एवढी माणसं टाकी बघायला आलेली त्यानं जन्मात पाहिली नसावीत.

"दीपगृह?" मी त्याला हळूच विचारलं.

त्यानं खाडीच्या पलीकडे बोट केलं. तिथे दुसरी टेकडी होती आणि तिच्यावर हाताच्या बोटाएवढं काहीतरी. "बसनं जावं लागतं," तो म्हणाला. "सात नंबरची बस जाते ना."

माझ्या मागे तीस माणसं उन्हात उभी होती. साडूंच्या चेहऱ्यावर हळूहळू आनंद पसरत होता. माणसाची परीक्षा अशाच वेळी होते. मी वळलो.

"आपल्यापैकी किती जणांच्या घरी चौथ्या मजल्यावर नळाला पाणी येतं?" मी विचारलं.

बरेच हात वर झाले.

"ते वर कसं चढतं, याचा विचार केलाय कधी?"

मग मी पाण्याची उंची, दाब, टेकडीच का निवडतात, सगळं सांगितलं. रखवालदार इतका खूश झाला की त्यानं कुलूप काढून लोकांना आत नेलं, टाकीच्या भिंतीला कान लावून पाण्याचा आवाज ऐकवला. लोक रांग लावून भिंतीला कान लावत होते. दातांच्या डॉक्टरांनी टाकीसमोर फोटो काढून घेतला. आपण दीपगृह बघायला निघालो होतो हे आठवणारी माणसं तिथे दोनच होती: एक साडू आणि दुसरी माझी बायको. ती फक्त टॉवेल चाचपून म्हणाली, "अजून दमट आहे."

तेवढ्यात खालून एक गणवेशातला माणूस धापा टाकत वर आला. छातीला बिल्ला होता.

"या गटाचा वाटाड्या कोण?"

तीस बोटं माझ्याकडे वळली. कौतुकानं, हे महत्त्वाचं.

"परवाना?"

झालं होतं असं, की सात नंबरची बस निम्मी रिकामीच गेली होती. सातची माणसं माझ्या टॉवेलामागे आली होती. सात नंबरच्या गाइडनं तक्रार केली की गावात कुणीतरी बिनपरवान्याचा माणूस प्रवासी पळवतोय. मी शांतपणे सांगितलं की मी निवृत्त शिक्षक आहे, हा टॉवेल आहे, आणि तो वाळतोय. त्यानं टॉवेलाला हात लावून पाहिला. "पुरावा म्हणून जप्त," तो म्हणाला, छत्री माझ्या हातून घेतली आणि खांद्याला लावून उतरू लागला. चोरासारखा त्याच्या मागे मी. आणि आमच्या मागे, टॉवेल निघालेला बघून, सगळी रांग. लॉन्ड्रीच्या चादरींत तो चुकला, तेव्हा मागून काठीवाले आजोबा त्याला म्हणाले, "छत्री वर धरा, मघाचे सर धरत होते तशी."

कार्यालय बंदराजवळच होतं. एक टेबल, दोन खुर्च्या, कपाटावर धूळ खात असलेला पृथ्वीगोल, भिंतीवर तिरका टांगलेला नकाशा आणि एक मोठा फलक. बिल्लेवाल्यानं टोपी काढली, टेबलामागे जाऊन बसला आणि आता तोच अधिकारी झाला. रस्त्यावर तो 'चला' म्हणत होता. खुर्चीत बसल्यावर 'आपण' म्हणू लागला. खोलीत मावले तेवढे लोक आत आले, बाकीचे खिडक्यांत.

"नियम असा आहे," तो म्हणाला, "परवान्याशिवाय वाटाड्याचं काम करणाऱ्याला उद्या सकाळी वरिष्ठांसमोर हजर करायचं."

"उद्या?" बायको म्हणाली. "आमचं जहाज पाचला सुटतं. बॅगासुद्धा गेल्या."

"मग आपण जा. त्यांना इथे राहावं लागेल."

माझ्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं: परक्या गावात मी, छत्री आणि टॉवेल. छत्री आणि टॉवेलही पुराव्यात जमा, म्हणजे नुसता मीच.

"मात्र," अधिकारी म्हणाले, "त्यांनी प्रवाशांना काही माहिती दिली नसेल, नुसते पुढे चालले असतील, तर तो गुन्हा नाही. या लोकांना विचारतो."

एवढंच हवं होतं. लोकांनी 'काही सांगितलं नाही' म्हटलं की सुटलो. पण पहिलेच दातांचे डॉक्टर पुढे झाले.

"काही सांगितलं नाही कसं? अहो, इतकी सुंदर माहिती या सबंध सफरीत कुणी दिली नाही. भरती-ओहोटी मला आज कळली."

अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं. मी डॉक्टरांना डोळ्यांनी खुणावलं. ते म्हणाले, "सर लाजताहेत."

"शाळेत भूगोलाला मी रडायची," बेकरीवाल्या बाई म्हणाल्या. "हे सर असते तर बेकरी काढली नसती मी, आणखी काहीतरी झाले असते." तिन्ही नणंदांनी माना डोलावल्या. काठीवाले आजोबा तर कागदावर लाटा काढून दाखवू लागले. एकेक साक्ष माझ्या गळ्याभोवती आवळत होती आणि एकेका साक्षीनं छाती फुगत होती. दोन्ही एकाच वेळी झालं तर माणसाला श्वास घेता येत नाही, हा माझा अनुभव आहे.

शेवटी साडू पुढे आले. "साहेब, मी यांना जवळून ओळखतो. यांना काहीही माहीत नसतं."

मला वाचवण्यासाठीच म्हणाले. पण इतक्या सहज म्हणाले.

"तपासून बघा हवं तर," साडू म्हणाले. "परवान्याच्या परीक्षेत विचारता ते प्रश्न विचारा. एक उत्तर बरोबर आलं तर माझं नाव बदला."

अधिकाऱ्यांना ती कल्पना पटली. त्यांनी खणातून प्रश्नपत्रिका काढली. साडूंनी माझ्याकडे बघून डोळा मारला. चुकवायचं होतं, बाकी काही नाही. नापास झालो की जहाज.

"या खाडीचं तोंड कोणत्या दिशेला आहे?"

मी 'पूर्वेला' म्हणायचं ठरवलं. तोंड उघडलं. 'पू'पर्यंत आलो. समोर ती सगळी माणसं, मी आता बोलणार म्हणून कान टवकारलेली. भिंतीवर तो तिरका नकाशा.

"नैर्ऋत्येला," मी म्हणालो. "आणि म्हणूनच वाळू डावीकडच्या किनाऱ्याला साचते. आणि तुमचा नकाशा तिरका आहे, त्यामुळे उत्तर दिशा टेबलाकडे आली आहे." एवढं म्हणून मी उठून नकाशा सरळ केला.

साडूंनी डोळे मिटले.

दुसरा प्रश्न भरतीची वेळ रोज का बदलते, हा. त्यासाठी मी अधिकाऱ्यांचा पेपरवेट चंद्र म्हणून घेतला आणि कपाटावरचा पृथ्वीगोल पुसून खाली काढला. अधिकारीही वाकून बघू लागले. "आमच्या उत्तरपत्रिकेत फक्त 'निसर्गनियमानुसार' असं आहे," ते म्हणाले. तिसऱ्या प्रश्नाला तर लोकांनी टाळ्या वाजवल्या. बायकोकडे मी बघितलंच नाही. नजर पाठीत टोचल्याचं कळतं, बघावं लागत नाही.

"पैकीच्या पैकी," अधिकारी म्हणाले. "परवाना असता तर अभिमानानं सही केली असती."

"मग द्या परवाना," बेकरीवाल्या बाई म्हणाल्या.

"अर्ज वर्षातून एकदाच घेतो. या वर्षीचे झाले."

तेवढ्यात जहाजाचा भोंगा वाजला. खोलीच्या काचा थरथरल्या. कुणीही जागचं हललं नाही. "सरांना घेतल्याशिवाय आम्ही जाणार नाही," काठीवाले आजोबा म्हणाले आणि खाली बसले. बसलेच म्हणून बाकीचेही बसले. दुसऱ्या भोंग्याबरोबर जहाजावरच्या सहलींचं बघणाऱ्या बाई धावत आल्या. हातात वायरलेस, केस विस्कटलेले. "तीस माणसं कमी आहेत," त्या वायरलेसवर बोलत होत्या, "सापडली, सगळी एका खोलीत आहेत. नाही, बुडाली नाहीत, बसली आहेत. नाही सोडता येत जहाज, थांबा." आणि जहाज थांबलं. ते वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं.

पण अधिकारी नियमाचे पक्के. त्यांनी हात पसरले. "जहाज थांबेल, नियम थांबत नाही."

इतका वेळ आम्ही पुरुष बोलत होतो आणि माझी बायको भिंतीवरचा मोठा फलक वाचत उभी होती. ती वळली.

"साहेब, वाटाड्या कुणाला म्हणायचं, तेवढं नियमात काय लिहिलंय ते वाचता का?"

अधिकाऱ्यांनी वाचलं, "प्रवाशांना गावातील प्रेक्षणीय स्थळी नेऊन तेथील माहिती देणारी व्यक्ती."

"माहिती दिली. ती यांना न देता राहवतच नाही, घरीसुद्धा. ते मी कबूल करते. पण प्रेक्षणीय स्थळी नेलं का?" ती लोकांकडे वळली. "दीपगृह बघायला निघालो होतो आपण. किती जणांनी बघितलं? हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. लोक एकमेकांकडे बघू लागले. बऱ्याच जणांना ते तेव्हाच कळलं.

"यांनी आम्हाला एक खड्डा दाखवला, लॉन्ड्री दाखवली आणि पाण्याची टाकी दाखवली," बायको म्हणाली. "तुमच्या या फलकावर गावातली सगळी प्रेक्षणीय स्थळं लिहिलेली आहेत. मी दोनदा वाचला. टाकी नाही त्यात. लॉन्ड्री तर नाहीच."

अधिकारी उठले, फलकाजवळ गेले, बोट ठेवून वाचू लागले.

"टाकी का नाही पण?" खिडकीतून आवाज आला. रखवालदार. एका नणंदेचा चष्मा टाकीजवळ राहिला होता, तो द्यायला आला होता. "आज एवढी माणसं येऊन गेली. टाकी प्रेक्षणीयच आहे."

अधिकाऱ्यांनी त्याच्याकडे पाहिलं, फलकाकडे पाहिलं. टाकी प्रेक्षणीय ठरवायची तर फलक बदला, ठराव करा, वरिष्ठांना लिहा, हे सगळं त्यांच्या चेहऱ्यावरून एकामागून एक जाताना दिसलं.

"टाकी प्रेक्षणीय नाही," ते ठामपणे म्हणाले. "सबब, हे गृहस्थ वाटाडे नाहीत. हे नुसते रस्ता चुकलेले गृहस्थ आहेत."

आयुष्यात माझ्याविषयी बरंच काही म्हटलं गेलं आहे. इतक्या अपमानाच्या वाक्यावर इतका आनंद मला कधी झाला नव्हता. छत्री परत मिळाली. टॉवेल खडखडीत वाळला होता. रखवालदाराचा चेहरा मात्र उतरला होता. मी जाता जाता त्याचा हात हातात घेतला आणि म्हणालो, "त्यांच्या लिहिण्यावर जाऊ नका." तो हसला.

मग आम्ही धावलो. धावलो म्हणजे तीस माणसं आपापल्या गुडघ्यांच्या मगदुराप्रमाणे लगबगीनं चालली. जहाजाच्या सगळ्या मजल्यांवर कठड्याला माणसं उभी होती. शिडीपाशी पोचल्यावर मी बाजूला झालो, ज्येष्ठांना आधी जाऊ द्यावं म्हणून. कुणी हलेना. "सर पुढे," दातांचे डॉक्टर म्हणाले. सात नंबरचे स्टिकरवाले म्हणाले, "सर पुढे." तेव्हा मी पुढे झालो. सगळ्यांत मागे साडू होते. सहलींच्या बाई शिडीच्या वरच्या टोकाला उभ्या होत्या. त्या मला फक्त एवढंच म्हणाल्या, "टॉवेल दुमडून ठेवाल का?"

जहाज हललं. दातांच्या डॉक्टरांनी चहा मागवला. बेकरीवाल्या बाईंनी स्वतः बिस्किटं निवडून आणली. 'यातली ही दोनच खाण्यासारखी आहेत' म्हणाल्या. पुढच्या वर्षी सर कुठे जाणार, म्हणजे आम्हालाही तिकडचंच तिकीट काढता येईल, अशी चौकशी झाली. मी सगळ्यांना सांगत होतो की मला सोडवलं ते माझ्या बायकोनं. मी पैकीच्या पैकी मिळवून अडकलो होतो, ती फलक वाचून जिंकली. वकिलाला जमलं नसतं. हे मी तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा साडू म्हणाले, "खरं आहे." तेवढं बोलून ते चहा ढवळत राहिले. बराच वेळ ढवळला.

पण ती स्वतः तिथे नव्हती. कार्यालयातून निघाल्यापासून ती माझ्याशी एक अक्षर बोलली नव्हती. शिडी चढली, खोलीत गेली. हे मला चांगलं ठाऊक असलेलं मौन आहे. सोपी उत्तरं मुद्दाम चुकवायची होती आणि मला ती चुकवता आली नव्हती, नकाशाही सरळ करायची काही गरज नव्हती. मी मनात माफीची वाक्यं जुळवत खोलीकडे गेलो. दार किलकिलं होतं. आत ती फोनवर मुलीशी बोलत होती.

"अगं, तुझ्या बाबांना आज पकडलं होतं," ती म्हणाली.

मुलगी तिकडे काहीतरी घाबरून म्हणाली असावी.

"नाही, नाही, सोडलं. पण ऑफिसात नेलं होतं. साहेबानं परीक्षा घेतली, चांगली कडक. बाहेर दोनशे माणसं उभी."

बरोबर संख्या तीस होती. मी दाराच्या कडीवर ठेवलेला हात काढून घेतला.

"तुझे काका म्हणत होते चुकीची उत्तरं द्या, म्हणजे सुटाल. मला ठाऊक होतं, हे देणार नाहीत. मी तिथेच उभी होते ना. म्हटलं, बघू या. आणि एक उत्तर चुकलं नाही त्यांचं. एक म्हणून नाही. तो साहेब वाकून वाकून बघत होता." मग जरा थांबून ती म्हणाली, "भिंतीवरचा नकाशा तिरका होता, तोसुद्धा सरळ करून आले."

मला आत जायचं होतं, चष्मा आत राहिला होता. मी गेलो नाही. बाहेर बोळातच भिंतीला टेकून उभा राहिलो. तिचं बोलणं अजून चाललं होतं, आणि ती आता पहिल्यापासून, अगदी सकाळच्या बॅगांपासून, सगळं नीट सांगू लागली होती.